वाळूचे मामाजी

सासरा समोर आला की डोक्यावर पदर घ्यायचा, हे ठीक. पण सासरा वाळूचा असला तर काय करायचं, सांगा बरं?

मी नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात पूर्णा नदीचं पाणी उतरलं की मधोमध वाळूचं बेट उघडं पडायचं. सगळं गाव तिथे खेळायला जमायचं आणि दरवर्षी वाळूच्या मूर्तींची स्पर्धा व्हायची. परीक्षक कायम सरपंच, म्हणजे माझे सासरे, आमचे मामाजी.

त्या वर्षी मी झोपलेला माणूस केला. हात चालत गेला आणि त्याला पोट आलं ते थेट मामाजींचंच. शेजारच्या कमलने ते पाहिलं आणि पटकन डोक्यावर पदर घेतला. मागून आलेल्या प्रत्येक सुनेने तेच केलं. आता मामाजी मला माहेरी धाडणार, असंच वाटलं.

मामाजी आले. मूर्तीपाशी थांबून त्यांनी तिचं पोट निरखलं.

"हा कोन होय बे?" त्यांनी सोबतच्या ग्रामसेवकाला विचारलं.

"मले काय माईत, सरपंचसाहेब? तुमीच सांगा."

"मंग या बाया पदर काऊन घेऊन राह्यल्या?"

"ऊन लय आहे, साहेब."

मामाजींनी पुन्हा पोटाकडे पाहिलं. आपलं म्हणावं तर गाव हसणार.

"कोनी बाहेरगावचा दिसते," ते म्हणाले, आणि आपला काही संबंध नाही हे दाखवायला त्यांनी मला पहिलं बक्षीस देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला गेले, तेव्हा मामाजी फावडं घेऊन बेटावर उभे होते आणि त्या बाहेरगावच्या माणसाचं पोट निम्मं उतरलं होतं.