ओतायची राहिलेली बाटली

टेलर : दादा, ही पँट मी परवाच आखूड करून दिली तुम्हाला.

दादा : अजून थोडी कर.

टेलर : अजून केली तर गुडघे दिसतील.

दादा : दिसू देत. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस मी, माझे गुडघे बघायला कोण येतंय तिथे!

टेलर : बसा ना जरा. स्टूल रिकामं आहे.

दादा : नको. आज बूड टेकवतच नाही कुठे. हा एवढा ढीग कसला?

टेलर : शाळेचे शर्ट. दोनशे आहेत, सोमवारी शाळा उघडते. कात्री ठेवा ती खाली, दादा. आल्यापासून तीनदा उचललीत.

दादा : धार बघत होतो.

टेलर : फोन वाजतोय तुमचा.

दादा : वाजू दे. एका इमारतीत लिफ्ट अडकलीय चौथ्या मजल्यावर. आत माणूस नाही, नुसती लिफ्ट. आठ वाजल्यापासून बोंबलतायत. चढू देत जिने, तेवढीच पोटं आत जातील.

टेलर : आणि तुम्ही ते काम टाकून पँट आखूड करायला आलात?

दादा : तुझी चौकशी करायला आलो. किती दिवस झाले आज?

टेलर : एक्केचाळीस. सकाळी सातला फोनवर सांगितलं की. शाब्बास म्हणालात.

दादा : म्हणालो का? हो, म्हणालो. झोप लागते?

टेलर : लागते आता. तुम्हाला?

दादा : मला काय धाड भरलीय? पंधरा वर्षं झाली दारू सोडून.

टेलर : मी झोपेचं विचारलं.

दादा : झोपेचं काय घेऊन बसलास! चल, निघतो मी.

टेलर : हे तिसऱ्यांदा निघालात. दारापर्यंत जाता आणि परत येता. आणि ती अवजारांची पिशवी तरी खाली ठेवा, खांदा उतरेल.

दादा : असू दे.

टेलर : द्या इकडे, मी ठेवतो.

दादा : असू दे म्हटलं ना! हात लावू नकोस!

टेलर : बरं. नाही लावत.

दादा : ओरडलो का मी?

टेलर : थोडंसं. समोरचा किराणावाला बघतोय.

दादा : चुकलं माझं. डोकं भणभणतंय रे.

टेलर : दादा, दारात घुटमळणाऱ्या माणसाला आधी आत घ्यायचं आणि मग विचारायचं, असं तुम्हीच मला शिकवलंत.

दादा : माझीच वाक्यं मला ऐकवू नकोस.

टेलर : दुसरी माझ्याकडे नाहीत. एक्केचाळीस दिवस मी जे काय शहाण्यासारखं बोलतोय ते सगळं तुमचंच आहे. पिशवीत काय आहे?

दादा : पाने. पक्कड. टेस्टर. ग्रीसचा डबा.

टेलर : आणि?

दादा : आणि तुझी बाटली.

टेलर : माझी? कुठली माझी?

दादा : शनिवारची. त्या अस्तराच्या ताग्यातून काढून दिलीस ती.

टेलर : ती तुम्ही ओतून टाकलीत ना?

दादा : इथे ओतायची होती. इथे, तुझ्या मोरीत, तुझ्या हाताने. आपल्या गटाचा नियमच आहे तो. ज्याची बाटली त्याने ओतायची, जागच्या जागी, आणि दुसऱ्याने नुसतं शेजारी उभं राहायचं. दाराबाहेर न्यायची नाही. पंधरा वर्षांत कितीतरी जणांच्या मोऱ्यांत उभा राहिलोय मी, बाहेर एक थेंब नेला नाही. शनिवारी तू म्हणालास, दादा, बायको मोरीत कपडे धुतेय, तिने बघितलं तर संपलं सगळं, आधी इथून घेऊन जा. तुझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी घेतली आणि पिशवीत टाकली. म्हटलं, कोपऱ्यावरच्या गटारात ओतू.

टेलर : मग?

दादा : कोपऱ्यावर माणसं होती. पुढच्या गटाराला झाकण होतं. मग म्हटलं, कामावर ओतू. तिथे म्हटलं, घरी ओतू. घरी पाहुणे होते. कारणांना काय तोटा!

टेलर : आज बुधवार आहे, दादा.

दादा : वार कळतात मला!

टेलर : उघडली?

दादा : नाही.

टेलर : खरं सांगा.

दादा : सील आहे अजून. बघायचंय? नको, नको, तू नको बघूस. आज सकाळी झोप येईना म्हणून सहालाच कामावर जाऊन बसलो. गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. तुला शाब्बास म्हणालो ना फोनवर, तेव्हा दुसरा हात पिशवीत होता. झाकणावर.

टेलर : अरे देवा.

दादा : आता कळलं ना? जातो मी.

टेलर : थांबा हो! झालं काय पण? घरी काही कटकट?

दादा : काही झालं नाही रे, तेच तर! भांडण नाही, दुखणं नाही, सगळं सुरळीत. माझी दारू सोडवणारे मास्तर गेले त्याला अडीच महिने झाले, त्यांच्यासाठी रडूनही झालं. तरी आत काहीतरी चालूच आहे. लिफ्ट मजल्यावर थांबलेली असते आणि वर मोटर फिरतच राहते, तसं. बंद करायचं बटण सापडत नाही.

टेलर : कुणाला फोन का नाही केलात?

दादा : मी मास्तरांना करायचो. आता यादीत एकतीस नंबर आहेत, आणि एकतीसच्या एकतीस जण मला फोन करणारे. त्यांना काय सांगू? दादा म्हणून तुम्ही ज्याला धरून बसलात तो पिशवीत बाटली घालून गावभर फिरतोय?

टेलर : आणि घरी?

दादा : बायकोने कित्येक वर्षांत माझ्या पिशवीला हात लावलेला नाही. सुरुवातीला रोज उलटी करून झटकायची. आता नाही. तपासत नाही, याचीच मला जास्त भीती वाटते. आणि शेवटी ही बाटली घेऊन मी आलो कुणाकडे? एक्केचाळीस दिवसांच्या माणसाकडे! अक्कल गहाण टाकली मी. सरक बाजूला.

टेलर : नाही सरकत.

दादा : दारात काय उभा राहतोस? सरक!

टेलर : पिशवी ठेवून जा.

दादा : तुझ्याजवळ? वेड लागलंय का तुला?

टेलर : मग इथेच ओतू, नियमाप्रमाणे. माझी बाटली, माझी मोरी.

दादा : नजर बघ तुझी. पिशवीवरून हलत नाहीये. तू झाकण उघडायचं नाहीस.

टेलर : मग तुम्ही उघडा.

दादा : मी उघडली तर मोरीपर्यंत पोचेन याची खात्री नाही मला. झालं समाधान?

टेलर : मग राहिलं कोण?

दादा : आत बघू नकोस. ए, तिच्याकडे बघायचं नाही! वहिनीला यात आणायचं नाही.

टेलर : ती आत घरात काज करत बसलीय.

दादा : काय म्हणाली होती ती? घरात आणखी एक बाटली सापडली तर पोरीला घेऊन भावाकडे जाईन. माझ्यासमोर म्हणाली. आणि ती बोलते ते करते.

टेलर : करते.

दादा : तिला वाटतंय तू सोडलीस त्याच दिवशी घर रिकामं झालं. ताग्यातली बाटली तिला ठाऊकच नाही. आत्ता तोंड उघडलंस तर संसार मोडेल तुझा.

टेलर : मोडेलही. पण मी घाबरलो म्हणून बाटली तुमच्या पिशवीत गेली ना? तिला कळेल म्हणून घाबरलो, आणि तुमच्या गळ्यात मारली. आता तुम्ही ती घेऊन या दारातून गेलात तर पुढे काय होणार, ते मला आजवर पिऊन जेवढं कळलंय तेवढ्यानेही कळतंय. अगं ए!

दादा : थांब रे! थांब!

टेलर : अगं, जरा बाहेर ये!

वहिनी : आले, आले. सुई हरवेल माझी तुमच्या ओरडण्यात. अय्या, दादा! उभे का असे? आणि हे दारात काय करतायत?

टेलर : तुला सांगायचंय काहीतरी. दादांच्या पिशवीत एक बाटली आहे. ती माझी आहे. शनिवारी मी दिली त्यांना.

वहिनी : तुमची म्हणजे?

टेलर : दुकानात होती. अस्तराच्या ताग्यात.

वहिनी : कधीपासून?

टेलर : सोडली त्याच्या आधीपासून. सदतीस दिवस तशीच होती. प्यायलो नाही मी, शप्पथ.

वहिनी : पण ठेवली होतीत.

टेलर : ठेवली होती.

वहिनी : मी रोज विचारायचे. घरात काही नाही ना? तुम्ही नाही म्हणायचात.

टेलर : खोटं बोलायचो.

वहिनी : मागच्या आठवड्यात त्याच ताग्यातलं अस्तर काढून दिलंत मला. पोरीच्या फ्रॉकला.

दादा : वहिनी, यात चूक माझी आहे. मी त्याच वेळी...

वहिनी : तुम्ही थांबा. तुमच्या भरवशावर मी राहिले या घरात. भाऊ न्यायला आला होता, त्याला दारातून परत पाठवला. म्हटलं, यांना एक माणूस भेटलाय, पंधरा वर्षं झाली त्याला सुटून.

दादा : सुटलेलो नाही.

वहिनी : दिसतंय ते! प्यायलात?

दादा : नाही. पण चार दिवस घेऊन हिंडतोय. टाकवत नाहीये माझ्याच्याने. म्हणून इथे आलो, दुसरं काही सुचेना.

वहिनी : पंधरा वर्षांनीसुद्धा?

दादा : पंधरा वर्षांनीसुद्धा.

वहिनी : म्हणजे हे संपत नाही?

दादा : नाही, वहिनी. मोकळं वाटतं मधे. वर्ष वर्ष आठवणही येत नाही. मग एखादा असा शनिवार येतो.

वहिनी : हे मला कुणीच सांगितलं नाही. मी आपली वाट बघत बसले होते, कधी एकदा हे आटपेल आणि मी गाढ झोपेन. रात्री यांचा श्वास ऐकत जागी असते मी. एक्केचाळीस रात्री. मला वाटलं, शंभर झाल्या की संपेल.

टेलर : अगं...

वहिनी : तुम्ही माझ्याशी बोलू नका आत्ता. मला इतका राग आलाय की ही कात्री तुमच्या त्या ताग्यात खुपसावीशी वाटतेय. दादा, पिशवी.

दादा : मी काढून देतो.

वहिनी : तुम्ही काही काढायचं नाही. पिशवी द्या, मी काढते. ईऽऽ, किती ते ग्रीस! ही एवढीच? दुसरी कुठे नाही ना? ताग्यात, टाकीवर, मशीनच्या खणात?

टेलर : नाही. आता खरंच नाही.

वहिनी : आता खरंच! बरं. दोघंही बाहेर व्हा. पायरीवर उभे राहा, लोकांना दिसाल असे. वास गेला की हाक मारते.

(ती बाटली घेऊन आत जाते. दोघं दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहतात.)

दादा : ऐकू येतंय?

टेलर : नळ सोडलाय.

दादा : बादल्या ओततेय वाटतं.

टेलर : आता घासतेय. खराट्याने.

दादा : तू हे करायला नको होतंस. पण केलंस. मला ते जन्मभर पुरेल.

टेलर : जन्माचं काय घेऊन बसलात! मला आत्ता पाच मिनिटं पुरत नाहीयेत.

दादा : मलाही घरी सांगावं लागेल आज.

टेलर : सांगा.

दादा : पिशवी पुढ्यात ठेवून सांगतो. झटकू दे तिला.

टेलर : नळ बंद झाला.

दादा : मघाशीच झाला.

टेलर : मग हाक का मारत नाही?

दादा : वास जात असेल.

टेलर : कपाट उघडल्यासारखा आवाज आला का? मोठी बॅग कपाटावर असते. दादा, ती कपडे भरतेय.

दादा : जाऊन बघ.

टेलर : एकट्याने नाही जाववत.

दादा : चल, मी येतो बरोबर.

टेलर : नको. तिने उभं राहायला सांगितलंय, उभे राहू. फोन वाजतोय बघा तुमचा. घ्या आता तरी.

दादा : हॅलो. हो, मीच. नाही हो, पळून नाही गेलो. जरा अडकलो होतो. येतो अर्ध्या तासात. हो, चौथा मजला, लक्षात आहे.

टेलर : बोलण्याचा आवाज येतोय आतून.

दादा : पोरीशी बोलत असेल.

टेलर : पोरगी मैत्रिणीकडे गेलीय.

वहिनी : या आत. रिकामी बाटली कागदात गुंडाळून ठेवलीय, तिला हात लावू नका कुणी. मोरी ओली आहे, जपून.

टेलर : एवढा वेळ लागला?

वहिनी : फोनवर होते. भावाशी.

टेलर : काय सांगितलंस?

वहिनी : सगळं. अस्तरासकट. तो म्हणाला, आत्ता गाडी घेऊन येतो, तयार राहा.

टेलर : मग?

वहिनी : आज नको म्हटलं.

दादा : आज नको?

वहिनी : आज नको. उद्याचं मला विचारू नका.