क्लोटिलबाईंचे तळहात

आमच्या बेटावरच्या सूफ्रिएर गावाला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर इग्नेशिया आणि वर्लिन बसल्या होत्या. दोघीही सत्तरीच्या, एकाच शाळेतल्या.

"आपल्या शाळेतल्या क्लोटिलबाई अजून आहेत?" वर्लिनने विचारलं.

"आहेत गं. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून इंग्रजी पार गेलं. आता नुसती क्वेयोल बोलतात."

"बाई आणि क्वेयोल? घरची भाषा तोंडातून निसटली की छडी मारायच्या आपल्याला!"

"तेच तर. परवा पाणी मागितलं, 'द्लो' म्हणाल्या. आणि लगेच डोळे मिटून हात पुढे केला."

"कशाला?"

"छडी खायला. पेला ओठांना लावला तरी तोंड उघडेनात. नर्सही थकली."

"मग?"

"मी त्यांच्या तळहातावर नुसतं बोट टेकवलं. वर्लिन, तिथे वळ उठला. लाल, लांबलचक."

"काहीतरीच काय!"

"देवाशपथ! मग लहान पोरीच्या आवाजात, इंग्रजीत म्हणाल्या, 'थँक यू, फादर.' आणि घटाघटा पाणी प्यायल्या."

"कोण फादर?"

"त्यांच्या लहानपणी शाळेत छडी मारणारा कुणी पाद्री असेल. आपल्याला कुठे कधी सांगितलं त्यांनी?"

"अगं, पण मला कशाला नेतेयस?"

"काल त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी उजव्याला बोट लावलं, पण डावा तसाच पुढे राहिला. कालपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. सारखं तुझंच नाव घेतायत."

वर्लिनने स्वतःचा डावा तळहात अंगठ्याने चोळला.

"त्यांना म्हणावं, डोळे उघडे ठेवा, माझ्याकडे बघा. तरच हात लावीन."