पिंकी कुणाच्या नावावर

"पिंकीला आज घेऊन जाणार..." आमचा वॉचमन जिन्यात कुणाला तरी सांगत होता, मला बघून खाली सटकला. मी तशीच वर धावले गं! तिची आई वारल्यापासून पिंकीला आमच्या वरच्या माळ्यावरच्या सुमन आणि शोभा, दोघी मैत्रिणी मिळून वाढवतात. मी पोरीला ओढून माझ्या घरात आणलं, कडी घातली. तेवढ्यात बेल वाजली. दारात बालकल्याण खात्याची सरकारी बाई, मागे धापा टाकत त्या दोघी.

"पिंकी इथं आहे?"

"कोण पिंकी?" मी दार अडवून उभी राहिले.

आतून पिंकी ओरडली, "काकू, रिमोट कुठाय?"

बाई हसली. "घाबरू नका, मुलगी या दोघींकडेच राहील. पण पालक म्हणून नाव एकीचंच लागेल."

सुमन-शोभा एकमेकींकडे बोट दाखवून एकदमच म्हणाल्या, "हिचं लावा."