राणीच्या सातव्या भागाबाबत

जबाब देणार: भंगारवाल्यांचा भाचा, वय २१ वर्षे, धंदा मामांच्या दुकानात माल निवडणे, शिक्षण कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडले, राहणार दुकानावरचा माळा.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, कॉलेज का सोडले याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

बंद पडलेल्या स्टुडिओतले फिल्मचे पंधरा डबे मामांनी परवा घेतले. फिल्म गरम सोड्याच्या पाण्यात टाकली की चित्र धुऊन जाते आणि गाळातून चांदी निघते. आज सकाळी साडेदहाला मामांनी टब भरला व पहिला डबा उघडला. मी फिल्मचे टोक उजेडात धरले. नागमुकुट घातलेली राणी दिसली. तिचा फोटो माझ्या खिशातच होता.

तो फोटो फिल्म संग्रहालयात जुन्या फिल्म जोडणाऱ्या मुलीने दिला होता. प्राचीन राणीवरच्या त्या मूकपटाचे बारा भाग होते. दुसरा तेवढा उरला आहे. बाकीचे ती तीन वर्षे शोधते आहे. त्यासाठी ती दुकानात एकूण चार वेळा आली. तारखा विचारल्यास सांगू शकेन.

मी मामांना थांबा म्हणालो. मामा म्हणाले, "राणी असो नाहीतर मोलकरीण, चांदी तेवढीच निघते." त्यावर माझे डोके फिरले. मी टब लाथेने उलटवला, डबा उचलला आणि पळालो. मामांच्या नव्या चपला गेल्या, हे कबूल.

संग्रहालयात तिने हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रात फिल्म लावली. एरवी ती मला अहो-जाहो करते. "अरे, हा सातवा आहे," एवढेच म्हणाली आणि माझा दंड धरला. किती वेळ, ते घड्याळात पाहिले नाही.

तेवढ्यात मामा तक्रार नोंदवून हवालदारसाहेबांना घेऊन आले. साहेब डबा जप्त करणार होते. ठाण्यातल्या उकाड्यात फिल्मचा गोळा होईल, असे तिने सांगितले व दोघांना आधी बघायला बसवले. राणी शत्रूच्या दरबारात एकटी जाते, सिंहासनासमोर तलवार उपसते, आणि भाग संपतो.

मामांनी विचारले, "मग? मारते का नाही?"

आठवा भाग मिळाल्याशिवाय सांगता येत नाही, असे ती म्हणाली. मामांनी यंत्र स्वतः पुढे फिरवून पाहिले. मग म्हणाले, दुकानात अजून चौदा डबे आहेत, बघून घे. तक्रार लिहिली गेल्याने जबाब मात्र द्यावेच लागतील, असे साहेबांनी सांगितले.

शेजारच्या टेबलावर मामांचा जबाब चालू आहे. डबा आपणच भाच्याच्या हाती संग्रहालयात पाठवला, असे ते सांगत आहेत. दोन जबाबांत फरक आढळल्यास मामांचा खरा धरावा.

लिहिलेले मला वाचून दाखवले, मी बोललो तसेच आहे. सही लवकर घ्यावी, ती डब्यांपाशी थांबली आहे.