पहिल्याच बोलीला हो

अहो थांबा, थांबा सुधीरशेठ — लगेच हो काय म्हणता? मी तीन लाख म्हटलं आणि तुम्ही हो म्हणून मोकळे? अशी बंदूक घेतात का कुठे? अहो, बटाटे घेताना माणूस दोनदा भाव विचारतो. ठेवा तो चहा खाली — नाही, प्या, प्या, पण बसून प्या. माजिवड्याहून खडवलीपर्यंत आलात, दोन तास ट्रॅफिकमध्ये घालवलेत म्हणता, आणि दहा मिनिटांत उठणार? तीन लाख मी सांगायचे म्हणून सांगितले. तुम्ही म्हणायचं, शिवरामदादा, डोकं फिरलंय काय, ऐंशी हजार देतो. मग मी रागवायचं. मग तुम्ही उठायचं, फाटकापर्यंत जायचं, मी मागून हाक मारायची — पद्धत असते हो ही. मागचं गिऱ्हाईक कल्याणचं, आनंद नावाचा — सात वेळा आलेला. सात वेळा! शेवटी शेवटी तर बंदूक बघायचापण नाही, सरळ ओट्यावर बसून स्वतःच्या गुडघ्याचं दुखणं सांगायचा. मग त्याला ठाण्याच्या दुकानात दुसरी मिळाली. चांगली मिळाली असेल. त्यानंतर काय तो आला नाही.

बघा, मी तुम्हाला फसवणार नाही. घ्या हातात. रिकामी आहे, मी तीनदा बघितलंय, तुम्हीपण बघा. ही खालची लिव्हर ओढा — खाली, आणि आता वर. खटॅक! ऐकलात? अमेरिकन माल, शंभर वर्षं होऊन गेली. पण — पण पावसाळ्यात अडकते ही. आता नाही अडकली, मान्य, पण अडकते. तेवढ्याचे वीस हजार कमी करा. करा हो, लाजता काय! दस्ता बघा, तडा गेलाय, वरून तांब्याची तार गुंडाळलीय — तीस त्याचे. नळीतून उजेडाकडे बघा, दिसले ठिपके? गंज आहे तो, आतून खाल्लंय. पन्नास काढा. आणि टोकाची ही माशी, नेम धरायची — ही मूळची नाहीच, टिटवाळ्याच्या लोहाराने पितळेची बसवून दिलेली, तीपण जरा डावीकडे. डुकरावर नेम धरला तर शेजाऱ्याच्या भेंडीला लागेल. — हसलात? बरं झालं. या ओट्यावर कुणी हसून बरेच दिवस झाले.

माझ्या बापसाने ही कशी घेतली माहितीय? कल्याणला एक इंजिन ड्रायव्हर होता, अँग्लो-इंडियन, ऑस्ट्रेलियाला निघालेला. भाताला डुकरं लागायची म्हणून बापूस परवाना काढून बसलेला. ड्रायव्हर म्हणाला पाचशे, बापूस म्हणाला दोनशे. अख्खा पावसाळा घासाघीस चालली हो! दर रविवारी तो यायचा, आयस त्याला नदीच्या मासळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढायची, जेवून हात धुतले की दोघं भांडायला बसायचे. दिवाळीला साडेतीनशेला सौदा ठरला, तर तो ड्रायव्हर रडला. बापूसपण रडला. मला म्हणाला, शिवा, व्यवहार लवकर झाला की माणूस लवकर जातो. मी सहा वर्षांचा होतो, मला वाटलं पैशांचंच काहीतरी बोलतोय.

काय म्हणालात? फार चकाकतेय? — हां. ती मंजुळेने घासलीय. माझी बायको. दसऱ्याला शस्त्रांची पूजा असते ना, तर आदल्या दिवशी देवाच्या भांड्यांबरोबर हिलापण घ्यायची घासायला. चिंच आणि रांगोळी. एकेचाळीस दसरे. मी ओरडायचो, अगं, वरचा निळा-काळा रंग जातोय, तर म्हणायची, देवापुढे ठेवायची वस्तू काळी कशी ठेवू? बंदुकांचा दुकानदार म्हणाला, दादा, मूळ रंग असता तर दुप्पट आले असते, वहिनींनी अर्धी किंमत धुऊन टाकली. तुम्हालापण तसंच वाटतं ना? वाटणारच. — पण त्याचे कमी करू नका. लिव्हरचे करा, तड्याचे करा, गंजाचे हवे तेवढे करा, घासलेल्याचा एक रुपया कमी करायचा नाही. ती गेली त्याला चार दसरे झाले. मी नुसतं तेल लावतो. बघा, अजून तोंड दिसतं तुमचं तिच्यात.

का विकतो? नाइलाज आहे. डोळे अधू झाले, डिसेंबरात परवाना संपतो, पुन्हा काही मिळायचा नाही, मग पोलीस ठाण्यात जमा करायची. माझी मुलगी, दर्शना, डोंबिवलीला असते, ती म्हणते, बाबा, मिळेल त्या भावाला काढून टाका. बरोबर बोलते ती. मी तिला सांगून ठेवलंय, गिऱ्हाइकं चिकट आहेत, वेळ लागेल. म्हणजे दर दोन दिवसांनी फोन करते, काय झालं त्या बंदुकीचं? नाहीतर — असू दे. तिलापण तिचा संसार आहे. आज अर्धा लिटर दूध जास्त घेतलं, तर दूधवाला म्हणाला, दादा, पाहुणे का? म्हटलं, हो. खोटं नाही ना बोललो?

तर किती झालं आता? वीस, तीस आणि पन्नास — म्हणजे दोन लाख. पण हे कच्चं हां. पक्कं असं एका दिवसात करत नाहीत. रविवारी या. मटण आणतो, मला येतं चांगलं करायला. रविवारी जमत नाही? मग पुढच्या? — अच्छा. येणारच नाही तुम्ही. कागद दुकानदार करेल, न्यायलापण त्याचाच माणूस येईल, पैसे बँकेत. आणि वर तीन लाखच देणार, एक पैसा कमी न करता? म्हाताऱ्याला लुबाडल्यासारखं नको वाटायला, म्हणता — अहो, भला माणूस आहात तुम्ही. खरंच सांगतो.

द्या ती इकडे. द्या हो. नाही विकायची. का म्हणजे? माझी मर्जी. तीनला नाही, पाचलापण नाही. डिसेंबरला अजून दोन महिने आहेत, येईल कुणीतरी भाव पाडणारा. चहा राहिला तर राहू दे. चपला त्या बाजूला आहेत. आणि जाताना फाटक ओढून घ्या, गुरं शिरतात.

— नको. असू दे उघडं.