डब्यात काय हाय, अक्का?

आता तुम्हीच सांगा, डब्यात काय हाय म्हणून कुणी विचारलं तर माणसानं काय सांगावं? खरंच सांगावं ना? मग! तेवढंच तर केलं मी!

माझी प्रियंका बीदरला प्रयोगशाळेत हाय. उंदरांना औषध द्यायचं आन् त्यांच्या रक्तात एक प्रोटीन किती वाढलं ते किटनं मोजायचं. निळा रंग आला की प्रोटीन हाय, जितका गडद तितकं जास्त... आता उंदरं कलबुर्गीत, किट बीदरला! मधी कोण? मी! फोन आला, "आई, किट उघडून बसलेय, रक्ताच्या नळ्या घेऊन ये. ती उंदरं आता न्हाईत, दुसरं रक्त मिळायचं न्हाई. बर्फ वितळला की माझं वर्ष गेलं! आन् कुणी विचारलं तर इंजेक्शन म्हण."

इंजेक्शन कसं म्हणू? विहारात पंचशील म्हणायचं आन् बसमधी खोटं बोलायचं?

बर्फात नळ्या ठेवलेला थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसमधी बसले. कंडक्टरनं आधार बघितलं, बायकांचं फुकटचं तिकीट दिलं, आन् बोट केलंच, "डब्यात काय हाय, अक्का?"

"उंदराचं रक्त."

तुम्हाला सांगते, शेजारच्या सीटवरच्या गंगम्मा गळ्यातलं लिंग मुठीत धरून अशा उडाल्या... "शिवा शिवा! उतरवा हिला!" मागून एकजण, "करणी दिसतीय!" दुसरा, "प्लेग हाय का काय!" ड्रायव्हरनं हुमनाबादच्या अलीकडं भर उन्हात गाडीच उभी केली! कंडक्टर म्हणायलाय, "डबा टपावर टाका, न्हाईतर उतरा." टपावर! त्या पत्र्यावर भाकरी भाजली असती हो! इकडं डब्यातून थेंब... टप... टप... पोरीचं वर्ष माझ्या साडीवर वितळायलंय!

रडकुंडीला आले. म्हणलं, "अण्णा, पोरगी इंजेक्शन म्हण म्हणली होती. पण खोटं बोलणार न्हाई म्हणून रोज म्हणते मी... कसं बोलू?"

तशा गंगम्मा पदर नाकाला धरून कंडक्टरवरच वसकल्या, "खोटं बोलली असती तर बसू दिलं असतंस, आन् खरं बोलली म्हणून उतरवायलास व्हय रे? आमच्या शरण-संतांनी तरी काय वेगळं सांगितलंय? हाक गाडी!" आन् आपली बर्फ झालेली पाण्याची बाटली माझ्या डब्यात टाकली. दोन बोटांनी, लांबूनच!

पोचले. प्रियंकानं डबा हिसकावला, "आलीस का" सुद्धा न्हाई! दाराच्या काचेतून बघत उभी राहिले. बघता बघता निळं आलं... जीव भांड्यात पडतोय तोवर सगळं पिवळं! मी बाहेर गळाच काढला, "गेलं गं वर्ष!" ती धावत आली, "आई, शेवटचं औषध टाकलं की निळ्याचं पिवळंच होतं! झालं माझं काम!"

झालं तिचं काम. माझं बघा आता. परवा तोच डबा घेऊन बसमधी चढले. तोच कंडक्टर! विचारलं तरी का, डब्यात काय हाय, अक्का? न्हाई! लांबूनच वरडला, "उंदीरवाली अक्का आली, मागचं सीट रिकामं करा रे!"

डब्यात धपाटे होते हो, प्रियंकासाठी! झाकण काढून दाखवलं, "घ्या की, धपाटेच हायत, खरंच!"

एकानं हात लावला न्हाई. बीदरपर्यंत अख्ख्या सीटवर एकटी बसले, आन् सगळे खरे धपाटे मीच खाल्ले.