प्रधानजींच्या मेण्यात ठकूबाई

मंडळी, ऐका! आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. साधा, पण घशात अडकणारा. माणसाला ‘विचारलं’ असं कधी म्हणायचं?

हसू नका. आपण सगळे विचारतो. पेढे वाटले, मांडव ठरला, आचाऱ्याला विसार दिला, आणि मग मुलीला विचारतो, ‘बाळ, मुलगा पसंत आहे ना?’ विचारलं की नाही? विचारलं! देव पण वरून बघतो आणि म्हणतो, वा रे विचारणारे!

तर या प्रश्नाचं उत्तर कुंभारीच्या ठकूबाईनं दिलं. कुंभारी हे नगर कुठं आहे विचारू नका, नकाशात शोधाल तर डोळे जातील. टेकडीच्या पायथ्याशी नगर, टेकडीवर राजाचा बाग, आणि राजाचं नाव सुमुख. राजा चांगला होता हो! एक दिवस त्याच्या मनात आलं, रयतेसाठी दवाखाना बांधावा. आणि नुसता बांधायचा नाही, रयतेला विचारून बांधायचा!

हे काम कोणाकडे गेलं? प्रधानाकडे. प्रधान गंगाजीपंत. पोट पुढं, पगडी त्याच्या पुढं, आणि शहाणपण इतकं की घरात ठेवायला जागा पुरेना म्हणून दुसऱ्यांना वाटत सुटलेला! पंतांनी ठरवलं, दवाखाना टेकडीवर. हवा चांगली, देखावा चांगला. आता रयतेला तेवढं विचारून घेऊ, म्हणजे झालं.

आणि विचारलं कसं? आंधळ्यांसाठी चावडीच्या भिंतीवर सुवाच्य अक्षरात लिहून लावलं. बहिऱ्यांसाठी दवंडी पिटली. आणि ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी सभा ठेवली – कुठं? – टेकडीवर!

एक कारकून भीत भीत म्हणाला, ‘पंत, आजारी माणसं वर येतील कशी?’ पंत म्हणाले, ‘ज्याला खरंच गरज आहे, तो येईलच!’

हे वाक्य दवंडीतही घातलं! ध्यानात ठेवा, मंडळी. पुढं कामाला येणार आहे.

आता पायथ्याशी या. तिथं ठकूबाईचं घर. ठकूबाई फुटाणे विकायची. जीभ तिखट, गुडघे कामातून गेलेले. उठताना एक गुडघा ‘कट्ट’ म्हणायचा, दुसरा ‘मी पण!’ म्हणायचा. आणि घरात तिचा नवरा भिकोबा. दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेला. अर्धं अंग गेलं, बोलणं तेवढं राहिलं, तेही हळू. वैद्यबुवा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. भिकोबाला धाप लागली की ठकूबाई वैद्याकडे निघायची, आणि वाटेत सारखं मागं वळून बघायची. जाऊ की परत फिरू? मी तिकडं गेले आणि इकडं याचं काही झालं तर? मंडळी, त्या बाईचं अर्धं आयुष्य त्या रस्त्यावर, मागं वळून बघण्यात चाललं होतं. आणि आता दवाखाना टेकडीवर गेला, की रस्ताही संपला आणि आशाही.

तिनं दवंडी ऐकली. पदर खोचला.

‘कुठं निघालीस?’ भिकोबा.

‘टेकडीवर. राजानं विचारलंय. सांगून येते.’

‘भांडू नकोस गं.’

‘भांडत नाही. बोलते!’

भिकोबानं डोळे मिटले. तो इतकी वर्षं तिच्याबरोबर राहिला होता, दोन्हींतला फरक त्याला अजून कळला नव्हता.

ठकूबाई निघाली. पहिली पायरी – कट्ट! दुसरी – मी पण! तिसऱ्या पायरीवर तिनं वर पाहिलं. टेकडी होती तिथंच होती. बाई खाली उतरली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ‘देवा, तू पण उंचावरच का रे बसतोस सगळीकडं?’

तेवढ्यात आला मेणा! कोणाचा? पंतांचा. लाल पडदे, सोन्याचे गोंडे, आठ भोई. पायथ्याशी मेणा थांबला, कारण पंतांना वास आला. कसला? भज्यांचा! कोणी म्हणेल, बुवा, त्या काळी भजी होती का? अहो, भजी अनादी आहेत! सृष्टी नंतर झाली!

पंतांनी उकडतंय म्हणून पगडी मेण्यात काढून ठेवली आणि गेले भज्यांकडं. भोई गेले पाणी प्यायला. आणि ठकूबाई? तिला फक्त दोन क्षण टेकायचं होतं हो! मेण्याच्या कडेला बसली. गादी मऊ. जरा आत सरकली. गादी फारच मऊ. पगडी मध्ये येत होती, ती डोक्यावर चढवली. पाय वर घेतले. पडदा पडला.

भोई आले. पडदा बंद. आत वजन. फटीतून पगडी दिसतेय. ‘निघायचं का, सरकार?’

ठकूबाईनं तोंड उघडलं – ‘अरे, मी –’ – आणि मिटलं. का मिटलं? मेणा वर निघाला होता! तिनं आवाज जाड केला. ‘हं.’

मंडळी, राज्यकारभारात ‘हं’ म्हणता आलं की निम्मं काम झालं! मेणा चालला.

इकडं टेकडीवर सभा रंगली होती. सभेला कोण? तालमीतले पैलवान, शिकारी, आणि सकाळी फिरायला येणारे लालबुंद सावकार. राजानं विचारलं, ‘दवाखाना टेकडीवर असला तर कोणाला त्रास आहे का?’

‘छे!’ पैलवान म्हणाले. ‘आम्ही रोज पळत येतो!’

‘कोणाची हरकत?’

कोणाची असणार? हरकत सगळी खाली होती, अंथरुणावर पडलेली! राजा खूश झाला. ‘वा! एकमत!’ शिक्का शाईत बुडवला. हात वर गेला. आणि गलका झाला – ‘प्रधानजी आले! प्रधानजी आले!’

‘थांबा,’ राजा म्हणाला, ‘पंतांच्या समोरच शिक्का मारू.’

पडदा उघडला. आत पगडी. पगडीखाली ठकूबाई!

‘तू कोण?’

‘मी खालची, महाराज.’

‘वर कशी आलीस?’

‘आले नाही, आणली गेले. माझ्या पायानं आले असते तर तुमचा दवाखाना बांधून, गळून, पुन्हा दुरुस्त होऊन गेला असता!’

शिपाई धावले. प्रधानाचा मेणा! प्रधानाची पगडी! पण राजाला मजा वाटली. ‘बोल, बाई.’

ठकूबाई बोलायला लागणार, तेवढ्यात पायवाटेवरून एक माणूस वर आला. आला म्हणजे काय – रांगला! बोडका, घामानं न्हालेला, अंगरख्यावर भज्यांचं तेल, तोंडाचा आ. शिपायांनी ओळखलंच नाही. ‘आजोबा, सभा संपत आली, मागं बसा!’

ते पंत होते, मंडळी! पंत छाती धरून म्हणाले, ‘वै... वै... वैद्य!’

‘वैद्यबुवांना बोलवा!’ राजा ओरडला.

एक पैलवान म्हणाला, ‘महाराज, वैद्यबुवा खाली आहेत. ते म्हणाले, या वयात टेकडी मला झेपत नाही.’

राजानं शिक्का खाली ठेवला. हळू म्हणाला, ‘म्हणजे दवाखाना वर, आणि वैद्य खाली? पंत, वैद्यांना तरी विचारलंत का?’

‘दवंडी... पिटली... होती...’

आणि ठकूबाई, ती गप्प बसणार होय? पंतांच्या डोक्यावर पगडी ठेवत म्हणाली, ‘ज्याला खरंच गरज आहे तो येतोच ना, पंत? आलात की!’

सभा हसली, राजा हसला, पंतांना हसायला दम नव्हता. मग तिलाच दया आली. मेण्यात अंग चोरून बसली आणि म्हणाली, ‘या, सरका इकडं. मला पण उतरायचंय.’ आणि मंडळी, तो मेणा टेकडी उतरला, आत प्रधान आणि फुटाणेवाली, शेजारी शेजारी! भोई एकमेकांना म्हणाले, सरकार आज फारच भजी खाऊन आलेत!

पंतांना वैद्यानं काढा दिला, धाप बसली. आणि राजा? राजा चालत खाली आला, पंतांना बरोबर घेतलं. थेट ठकूबाईच्या दारात. वाकून आत गेला, भिकोबाच्या उशाशी बसला. ‘बाबा, तुम्हाला विचारायला आलोय. दवाखाना कुठं बांधू?’

ठकूबाई दारात उभी होती. तिला वाटलं, आता हा म्हणेल, माझ्या दाराशी बांधा. भिकोबानं मान हळूच दाराकडं वळवली. मग एकेक शब्द जोडत म्हणाला, ‘कुठंही बांधा, महाराज. पण... हिच्या गुडघ्यांना... झेपेल असा.’

मंडळी! ठकूबाई टेकडीवर गेली नवऱ्यासाठी, आणि नवरा पडल्या पडल्या विचार करत होता तिच्या गुडघ्यांचा. तिनं नुसता पदर तोंडाला लावला. राजाही रडला आणि कोपऱ्यात पंतही रडले. डोळ्यांत भज्यांचं तेल गेलं म्हणाले!

दवाखाना कुठं झाला सांगायला हवं? ठकूबाईच्या गल्लीच्या तोंडाशी. तिथून भिकोबाची खोली दिसायची. तिला पुन्हा कधी मागं वळून बघावं लागलं नाही.

आता तुमच्याकडं वळतो. मघाशी तुमचे अध्यक्ष अभिमानानं म्हणाले, ‘बुवा, आज सगळं गाव कीर्तनाला आलंय!’ सगळं? नीट बघा बरं. मी देवळाच्या पायऱ्या चढत होतो, तेव्हा खाली कठड्याशी एक आजी बसल्या होत्या. म्हटलं, वर या ना. त्या हसल्या, म्हणाल्या, ‘इथं ऐकू येतं तेवढं पुरे.’ त्यांनी तक्रार केली नाही. ठकूबाईसारखा मेणा सगळ्यांना मिळत नाही हो!

मान खाली घालू नका, त्यानं पायऱ्या कमी होत नाहीत. अध्यक्ष, तुम्ही समई घ्या. पेटीवाले, पेटी उचला. टाळकरी, उठा! आज आरती खाली, कठड्याशी. आणि पहिलं नाव कोणतं घ्यायचं, राम की विठ्ठल, ते मी सांगणार नाही.

आधी जाऊन आजींना विचारा.